पूजेतला पाना आणि डिकीतली मी

मी एक हत्यारपेटी आहे. वय म्हणाल तर फार नाही, पण मित्रांनो, माझ्या अंगावर अजून एक ओरखडा नाही आणि त्याचीच मला लाज वाटते. हत्यारांच्या जातीत कोरं राहणं हे काही मिरवण्यासारखं नसतं.

कारखान्यात माझ्या पोटात चाळीसच्या वर नग बसवले. नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या बारक्या गोट्या, त्या फिरवायला कटकट वाजणारी मूठ, शिवाय नाना तऱ्हेची टोकं. झाकण उघडलं की बघणाऱ्याचे डोळे दिपत. तिथून मी कोल्हापुरात भूपालशेठच्या दुकानात आले आणि काचेच्या कपाटात जाऊन बसले.

दसऱ्याच्या तोंडावर उदयसिंह दुकानात आले. मंगळवार पेठेत घर, बँकेत नोकरी आणि दारात नुकतीच घेतलेली चारचाकी. गाडीची बारीकसारीक कामं आता घरीच करायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"पावणं, पयल्यांदाच घेताय तर साधं घ्या," भूपालशेठ म्हणाले. "दोन-चार बरं पानं, एक पक्कड, हवा बघायचा मीटर. गाडीच्या नटांचं माप बघून या. ही पेटी बारक्या कामाची हाय, चाकाला चालायची न्हाई."

पण उदयसिंहांचं सगळं लक्ष माझ्या लखलखाटात. "शेठ, दारात शोभंल असं द्या की! बारकं-सारकं आमाला चालत न्हाई."

मी शोभत होते, यात वाद नाही. आपल्यात काय नाही हे मला ठाऊक होतं. तरी त्यांच्या हातात गेले तेव्हा मी खुशीत होते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. उदयसिंहांच्या पत्नी संयोगिता यांनी पहाटेच पाट मांडला. विळी, कात्री, कोयता आणि गाडीबरोबर आलेला जॅक नि चाकाचा पाना, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, अशी त्या घरची रीत. गाडीलाही झेंडूचा हार पडला, पण तिला सुट्टी नव्हती. मी तेवढी पाटावर नव्हते. मला गगनबावड्याला नेऊन आक्कांच्या घरी दाखवायचं ठरलं होतं.

आक्का म्हणजे उदयसिंहांच्या थोरल्या बहीण. त्यांची मोना नर्सिंग शिकलेली, आणि त्या दिवशी कोल्हापुरात एका दवाखान्यात तिची मुलाखत होती. पोरगी सकाळच्या एसटीने जाईल, असं आक्का फोनवर म्हणाल्या होत्या.

"मामा असताना एसटी? काय बोलतीस आक्का! मी येतो न्ह्यायला," उदयसिंहांनी ठणकावलं होतं.

ते निघताना संयोगितांनी विचारलं, "अवो, चाकाचा पाना पूजेत हाय. वाटंत काय झालं तर?"

"मग ही नवी पेटी काय शोभंला घेतलीय व्हय?"

मी डिकीत फुशारून बसले.

आम्ही पोचलो तेव्हा आक्का शेतावर गेल्या होत्या. मोनाला घेऊन परत येताना घाटमाथा मागे पडला आणि मागचं चाक फाटकन बसलं. स्टेपनी होती. उदयसिंहांनी मला रस्त्यावर उघडलं. पहिली गोटी नटापुढे बारकी पडली. दुसरी बारकी. माझी सगळ्यात मोठी गोटी त्यांनी दाबून, फिरवून पाहिली, पण नट तिच्यात शिरेना. जॅक नव्हता तो नव्हताच.

"मामा, यकबी बसंना व्हय?" मोनाने हलकेच विचारलं.

"बसंल की. थांब जरा."

बसणार काय, कपाळ! एवढा घसा फोडून बोलणारा माणूस आता नुसत्या गोट्या बदलत राहिला. मोनाची एसटी केव्हाच पुढे गेली होती. तिने इस्त्रीचा ड्रेस सावरत येईल त्या गाडीला हात केला. शेवटी दुधाचा एक टेम्पो थांबला आणि ती पुढे बसून गेली. आम्ही मागे राहिलो. बऱ्याच वेळाने एका जीपवाल्याने आपला जॅक आणि पाना दिला, तेव्हा चाक बदललं. माझं झाकण लावताना उदयसिंहांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मित्रांनो, त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

मला हातात घेऊन ते घरात शिरले, तर मोना आधीच येऊन बसली होती. ती दवाखान्यात पोचेपर्यंत मुलाखती आटपल्या होत्या. जागा दुसऱ्या मुलीला मिळाली होती.

तेवढ्यात आक्कांचा फोन आला. पूजेच्या खोलीत उदबत्तीचा वास होता आणि मामा दारात उभे होते. मोनाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि फोन कानाला लावला.

"आई, मलाच आवराय उशीर झाला गं. मामा तर कवाधरनं दारात येऊन थांबलं हुतं."

उदयसिंहांनी मला हळूच दाराआड ठेवलं.

म्हणून मित्रांनो, हात नसले तरी हात जोडून सांगते. हत्यार घेताना आधी आपल्या गाडीचं चाक बघा, नटाचं माप घ्या आणि मगच दुकानात जा. माझ्या चकाकीला भुलू नका. नाहीतर एखाद्या दिवशी तुमच्यासाठी घरातल्या लेकरालाच खोटं बोलावं लागेल.