पाट्यालाही कावीळ

डोंबिवलीच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात दर मंगळवारी कावीळ महाराजांचा दरबार भरायचा, आणि कल्याणपासून मोहन्यापर्यंतची पिवळी माणसं रिक्षा भरभरून यायची. महाराज रोग्याच्या हातांवर आपले तळवे चोळून बाजूला होत, मग शिष्य वरून तांब्याने 'मंतरलेलं' पाणी सोडी आणि खालच्या परातीत पिवळंधमक पाणी साचे. "निघाली! निघाली!" महाराज गरजत. "डॉक्टर रक्त काढतो, मी कावीळ काढतो!" गर्दी हात जोडायची. बिचाऱ्या शास्त्रज्ञांनी उगाच सूक्ष्मदर्शकात डोळे फोडले. परातीत डोकावले असते तर लवकर घरी गेले असते.

सुमती याच कोळीवाड्यातली. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती विषाणूंच्या प्रथिनांची रचना शोधायची. प्रथिनाचे स्फटिक बनवायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि त्याची घडी कशी आहे ते हुडकायचं. घडी कळली की तिच्या खाचेत नेमकं अडकून विषाणूचं काम बंद पाडील असं औषध बेतता येतं. तिच्या आईला, दगडाबाईला, यातलं एवढंच कळलं होतं की पोरगी जंतूंची खडीसाखर करते. १९९४ सालच्या कोळीवाड्यात त्या खडीसाखरेला काडीचाही भाव नव्हता.

आता मात्र तो भाव मिळाल्यावाचून सुमतीचं चालणार नव्हतं. तिच्या भावजयीचे, जनीचे, दिवस भरत आले होते आणि प्रसूतिगृहात तपासलेल्या रक्तात 'बी' काविळीचा विषाणू सापडला होता. दिसायला जनी ठणठणीत. पण हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो आणि बऱ्याचदा त्याच्या यकृतात जन्मभर ठाण मांडतो. ते टाळायचं तर जन्मल्या दिवशीच बाळाला लस टोचायला हवी, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दगडाबाईने सुनेला नेलं ते महाराजांकडे. परात पिवळी झाली, कावीळ 'निघाली', आणि महाराजांनी वर दम भरला, "बाळाला सुई लावाल तर निघालेली कावीळ सुईच्या भोकातून परत शिरेल!"

जनीचा नवरा मोरू आईपुढे तोंड उघडेल तर शपथ. राहिली सुमती.

"आये, चिंबोरी अंगावरचं कवच टाकते ना? नुसती कवटी उरते, ती काय चावते?" तिने समजावलं. "लस म्हणजे विषाणूची तशी रिकामी कवटी. तिचं प्रथिन कुठलं ते शोधलं आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टकडून तेवढंच बनवून घेतलं. आत जंतू नाहीच. पण शरीर तिचा आकार ओळखून ठेवतं, मग खरा जंतू आला की त्याला धरतं."

"पानी पिवला झाला तो मी माझ्या डोल्यांनी बघला," दगडाबाई म्हणाली. "तुझी कवटी कोनी बघली?"

सुमती चिडून प्रथिनाचं रंगीत चित्र घेऊन थेट दरबारातच गेली. महाराजांनी चित्र हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि ओरडले, "हेच! हेच रूप मला परातीत दिसतं! सायन्सवाल्या बाईसुद्धा आपल्याच!" लोकांनी सुमतीलाही नमस्कार केला. घरी येईपर्यंत संतापाने तिचे डोळे भरून आले होते.

पण तिथे एक गोष्ट तिच्या नजरेत भरली होती. दरबार संपेपर्यंत महाराज स्वतः पाण्याला हात लावत नव्हते. प्यायचं पाणीसुद्धा शिष्य त्यांच्या तोंडात ओतायचा.

बाळंतपणाआधी 'शेवटचा उतारा' करायला दगडाबाईने महाराजांना घरी बोलावलं. आळी लोटली. तिच्या घरची रीत अशी, की पाहुण्याच्या हातापायांवर पाणी घातल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही. तांब्या भरून दिला सुमतीने, त्यात आईच्याच चंचीतला चुना कालवून.

"हात पुढं करा, महाराज."

"माउली, मी नित्य शुद्ध!"

"असाल. ह्या मासलीचा घर हाय. हात धुतल्याबिगर आत नाय येयाचा." बाजारात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या दगडाबाईने त्यांचं मनगट धरलं आणि पाणी ओतलं.

महाराजांच्या बोटांतून पिवळंधमक पाणी ठिबकू लागलं.

"अगो बाय!" दगडाबाई किंचाळली. "महाराजांनाच कावील!"

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "भक्तांची पीडा मी अंगावर घेतो, माउली!"

"केवढा त्याग!" शेजारच्या धोंडिबाने लगेच हात जोडले, आणि बघता बघता सगळी आळी पुन्हा वाकली. लोकांना फसायची हौस असली की फसवणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

सुमतीने अंगणातला पाटा पुढे ओढला. सकाळीच त्यावर तिने आंब्याच्या सालीचा काढा चोपडून वाळवला होता. तांब्यातलं उरलेलं पाणी तिने त्यावर ओतलं. पाट्यावरून पिवळा ओघळ निघाला.

"धोंडिबाकाका, पाट्याने कोणाची पीडा अंगावर घेतली?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि आळीभर हशा पिकला. "आंब्याच्या सालीचा रस तळव्यावर वाळला की दिसत नाही," सुमती म्हणाली. चार झाडांच्या साली उकळून तिने हे आधीच करून बघितलं होतं. "महाराजांचं मंतरलेलं पाणी म्हणजे चुन्याचं. ते पडलं की रस पिवळा होतो. मग खाली धडधाकट माणसाचा हात असो नाहीतर दगड."

"पन माझा मेव्हना बरा झालेला!" धोंडिबा हटेना.

"साधी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते, काका. नाव परातीचं होतं. जनीची कावीळ तसली नाही. ती गुपचूप आत बसून राहते."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या भक्तांची आठवण झाली. ते रिक्षात बसले ते पुन्हा कोळीवाड्यात दिसले नाहीत.

दगडाबाई हसली नाही. ती जनीच्या पोटाकडे बघत राहिली. "मीच सुई नको बोल्ले," ती म्हणाली. "पोराचा वाटोला मीच केला असता गो." सुमतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

जनी बाळंत झाली त्या दिवशी दगडाबाई प्रसूतिगृहाच्या दारात पहाऱ्याला उभी होती. नर्स बाहेर येताच तिने पहिला प्रश्न केला, "सुई टोचली?" नर्सने मान डोलावल्यावर ती बाकावर बसली, पदराने डोळे पुसले, आणि मुलगा की मुलगी हे त्यानंतर विचारलं.

मंडळी, असले महाराज गावोगाव आहेत. त्यांचा चमत्कार बघायला खुशाल जा, पण तो करून बघता येतो का, एवढं आधी विचारा. मोठ्यांच्या भोळेपणाची किंमत तान्ह्या पोरांनी का मोजावी?