मुलीची वकील

नूतन भंगाळे ना बापाची वकील होती, ना आईची. जळगावच्या कोर्टाने तिला नेमलं होतं ते नऊ वर्षांच्या उन्नतीसाठी. आईबापाच्या ओढाताणीत पोरीला काय हवंय ते तिच्याशी एकटीशी बोलून कोर्टाला सांगायचं, एवढंच काम. आणि नेमकं तेच तिने केलं नाही.

उन्नती तेव्हा बापाकडे, हेमराजकडे, एरंडोलला होती. नूतन गेली तर हेमराजच्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत! "आधी जेवण, मग काम," हेमराजची आई लताबाई म्हणाल्या. खानदेशात वाढलेल्या ताटाला नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान, त्यात हिवाळ्यातलं भरीत. नूतन पोटभर जेवली, लताबाईंनी भरलेली ओटीही घेतली. मग सगळ्यांच्या देखत तिने पोरीला विचारलं, "इथे बरं वाटतं ना बाळा?" उन्नतीने आजीकडे पाहून मान हलवली. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड नूतनची आणि भीक पोरीच्या पदरात. शिरपूरला आईकडे, सविताकडे जायचं तर अख्खा दिवस मोडणार, म्हणून तिला नुसता फोन केला. "मुलगी वडिलांकडे सुखात आहे," असं नूतनने कोर्टात सांगितलं आणि ताबा हेमराजला मिळाला.

पावसाळ्यात सविता पुन्हा कोर्टात आली. पोरगी शाळेत बोलेनाशी झाली होती. कोर्टाने चौकशीला पुन्हा नूतनलाच पाठवलं. मागच्या वेळी कुठे भेटलात, समोर कोण होतं, कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई," तिचे सिनियर लीलाधरभाऊ म्हणाले. "कशाला अंगावर ओढून घेता?"

नूतनला ते पटलं, आणि पटलं याचीच तिला लाज वाटली.

या खेपेला ती मळ्यात गेली नाही, थेट शाळेत गेली. मुख्याध्यापिकेने एक रिकामा वर्ग उघडून दिला. उन्नती बाकाच्या टोकाला बसली. नूतनने गोड बोलून पाहिलं, पण पोरगी ओठ मिटून. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्ही पप्पास्ना पाहुणा शेतस. तुमले सांगं ते आजीले समजी जाई."

"मी पप्पांची पाहुणी नाही गं, आजीलाच काय, कोणालाच नाही सांगणार."

उन्नतीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग हळूच विचारलं, "मम्मी सांगे, कोर्टनी माले एक वकील दियेल शे. ती कवय येई?"

'मीच ती' हे दोन शब्द काही केल्या नूतनच्या तोंडातून फुटेनात.

"तुझी वकील ना? लवकर येईल," ती कशीबशी म्हणाली. "मी बघते."

दुसऱ्या दिवशी कोर्टात कोणी विचारायच्या आधीच ती उभी राहिली. मुलीशी एकटीशी बोलले नाही, बापाच्या घरी पाहुणचार घेतला, आईच्या घरी पाऊलही टाकलं नाही, सगळं सांगितलं. "माझं म्हणणं धरू नका, साहेब. मुलीसाठी दुसरं कोणी नेमा."

जजसाहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्हाला या कामातून मोकळं करतो. तुमच्यावर काय कारवाई करायची ते नंतर पाहू. नवीन वकील नेमून त्यांचं म्हणणं येईपर्यंत मुलगी आहे तिथेच राहील."

मागच्या बाकावर सविता पदर तोंडाशी धरून बसली होती. येईपर्यंत म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायला नूतनने तोंड उघडलं. पण तो हक्क आता तिचा राहिला नव्हता.