भिंगरी रडली नव्हती

शिक्षक-प्रशिक्षण कॉलेजात तिला सगळ्या वहिनी म्हणत. वर्गातल्या बाकीच्या मुली विशीतल्या, ही तिशी ओलांडलेली, लग्न झालेली, आणि पहिल्याच दिवशी उशिरा येऊन "मुलीची वेणी होईना" असं कारण सांगणारी. वर्ग हसला आणि नाव चिकटलं.

त्याआधी ती बरीच वर्षं दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. खुर्चीवर चढायला तयार नसलेली पोरं डॉक्टर तिच्याकडे पाठवायचे. ती त्यांना काहीबाही गोष्टी सांगत, वेगवेगळे आवाज काढत आत नेऊन बसवायची. एकदा डॉक्टर म्हणाले, "तुम्ही इथे काय करताय? शाळेत जा." ते गमतीनं म्हणाले होते, हिनं मनावर घेतलं.

बालसाहित्य शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की या वर्षी निबंध नाहीत. प्रत्येकीनं ब्लॉग काढायचा, दर आठवड्याला मुलांच्या एका पुस्तकावर लिहायचं, आणि ते जगाला वाचता आलं पाहिजे.

"जगाला?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"जग काही येत नाही वाचायला, घाबरू नका," मॅडम म्हणाल्या. "पण येईल असं धरून लिहायचं."

घरी सांगितल्यावर जाऊबाईंनी विळीवरचा कोबी तसाच ठेवला. "म्हणजे डायरी लिहायची आणि चौकात नेऊन उघडी ठेवायची?"

"पुस्तकांबद्दल लिहायचंय, जाऊबाई. तुमच्याबद्दल नाही."

"ते बरंय," जाऊबाई म्हणाल्या आणि पुन्हा कोबीकडे वळल्या.

ब्लॉग उघडण्यातच एक रविवार गेला. पासवर्ड तिनं इतका अवघड ठेवला की संध्याकाळी तिलाच आत जाता येईना. मग पहिली पोस्ट. तिनं लिहिलं, 'प्रस्तुत पुस्तक बालमनावर सुसंस्कार करणारे असून प्रत्येक पालकाने ते संग्रही ठेवावे.' तीन-चार वाक्यं अशीच, आणि शेवटी पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो. तो तिरका आला होता.

दुसऱ्या दिवशी खाली मॅडमची कॉमेंट होती, सगळ्यांना दिसेल अशी: 'हे मागच्या पानावर छापलेलंच आहे. तुम्ही वाचलंत तेव्हा काय झालं?'

वहिनीचे कान तापले. छापलेलं होतं खरंच, तिथूनच तर घेतलं होतं. बाकीच्या मुली कॅन्टीनमध्ये तिच्याकडे न बघता चहा पीत होत्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. आता बघतेच कसं जमत नाही ते.

ती शिकली, पण सहज नाही. पुस्तक आपल्या मुलीला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि मुलगी कुठे उठून पाणी प्यायला जाते, कुठे "पुढे काय" म्हणते, त्याकडे लक्ष ठेवायचं, असं तिनं सुरू केलं. एका पोस्टमध्ये तिनं लिहिलं की या गोष्टीतल्या राजाला सतराव्या पानापर्यंत कुणी काही कामच दिलेलं नाही, त्यामुळे माझी मुलगी आणि मी दोघीही झोपलो. त्यावर कुण्या अनोळखी आईनं लिहिलं, 'आमच्याकडेही तेच.' वहिनीनं ती दोन शब्दांची कॉमेंट नवऱ्याला दाखवली, जाऊबाईंना दाखवली, आणि भाजीवाल्यालाही दाखवणार होती.

मग सराव पाठ सुरू झाले. तिला चौथीचा वर्ग मिळाला. जुनी दुमजली शाळा, लांब व्हरांडा, खिडकीचं एक दार कायम आपटणारं. शाळेच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी एक पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

"हे वाचून दाखवा वर्गात. पारितोषिक मिळालेलं आहे. आपण प्रत्येक वर्गासाठी घेतलंय, आणि लेखक पुढच्या महिन्यात स्वतः येणार आहेत."

गोष्ट एका अडखळत बोलणाऱ्या मुलीची होती. मुलं तिला हसतात. ती जिद्द धरते, रोज सकाळी आरशासमोर उभी राहून बोलण्याचा सराव करते, आणि शेवटी वक्तृत्व स्पर्धेत घडाघडा बोलून पहिली येते. शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की मनापासून ठरवलं की काहीही जमतं.

वहिनीनं आदल्या दिवशी ते चाळलं होतं, नीट वाचलं नव्हतं. वर्गात मात्र तिनं जीव ओतून वाचलं. आवाज काढण्यात तिचा हातखंडा. गोष्टीतली मुलगी अडखळायची तिथे वहिनीही अडखळायची, मान ताणून, डोळे मिटून. पोरं खदाखदा हसत होती. वाचन रंगलं असं तिला वाटलं.

मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण मैदानात ती कुणाच्या हाती लागत नसे. वर्गात तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं. वहिनीला वाटलं होतं, लाजरी असेल.

"बाई, मी प-पण आरशासमोर बोलते," ती म्हणाली. "रोज."

वहिनी खुर्चीतच थिजली.

"मग माझं क-क-का जात नाही?"

"बघू हं," असं काहीतरी वहिनी पुटपुटली. तेवढ्यात घंटा झाली आणि भिंगरी वळून जागेवर गेली.

त्या संध्याकाळी वहिनीनं जेवणाआधीच लिहायला घेतलं. एका दमात लिहिलं. हे पुस्तक मुलांशी खोटं बोलतं, तिनं लिहिलं. सराव करूनही ज्यांचं अडखळणं जात नाही त्या मुलांना ते सांगतं की तुमचीच जिद्द कमी पडली. मग तिनं वर्गातल्या त्या मुलीबद्दल लिहिलं: मधल्या रांगेतली, लाल रिबिनींची, मैदानात वाऱ्यासारखी धावणारी ती निरागस पोर कशी पाणावल्या डोळ्यांनी समोर आली. पोस्ट टाकून ती पानं वाढायला उठली.

यावेळी जग वाचायला आलं. शिक्षकांच्या ग्रुपांवरून पोस्ट फिरली. कुणी पाठ थोपटली, कुणी अक्कल काढली. आठवडा संपायच्या आत मोठ्या बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं.

"ती पोस्ट काढा," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आपण ज्यांना पाहुणे म्हणून बोलावलंय त्यांच्या पुस्तकाला आपल्याच शाळेतली शिकाऊ बाई खोटं म्हणते. मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"पुस्तकाबद्दल मी लिहिलेलं चूक असेल तर सांगा, लगेच काढते."

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही हा. तुमचा अहवाल मला लिहायचाय, एवढं लक्षात ठेवा."

वहिनी तिथून तडक कॉलेजात गेली. मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शाबासकी मिळणार याची तिला खात्री होती.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पुस्तकाबद्दल लिहिलंत ते पटलं मला. पण त्या मुलीला विचारलंत?"

"काय विचारायचं?"

"तिच्याबद्दल जगाला सांगू का, असं. लाल रिबिनी, मधली रांग, धावणं. त्या शाळेतल्या प्रत्येक घरात कळलं असेल ती कोण ते."

वहिनी खाली बसली. एवढी साधी गोष्ट तिच्या मनात आलीच नव्हती. जाऊबाईंबद्दल लिहिणार नाही म्हणून तिनं घरी ठासून सांगितलं होतं. परक्याच्या पोरीबद्दल मात्र बिनदिक्कत लिहून मोकळी झाली होती. तिनं फोन काढला आणि तिथेच बसून पोस्ट काढून टाकली.

"मोठ्या बाईंना वाटेल मी घाबरले," ती म्हणाली.

"वाटू दे. पुढे काय करणार?"

"पुन्हा लिहिणार. पण आधी तिच्या घरी जाते."

भिंगरीच्या आईचं लाँड्रीचं दुकान होतं. दार उघडताच गरम वाफेचा आणि साबणाचा वास आला. एका बाजूला घड्या घातलेल्या चादरींचे ढीग, दुसऱ्या बाजूला दांडीवर लटकलेले शर्ट, आणि मधल्या टेबलावर इस्त्री फिरवणारी आई. तिनं वहिनीला ओळखलं, पण इस्त्री थांबवली नाही.

"बरं झालं आलात. मीच येणार होते भांडायला."

"भांडा," वहिनी म्हणाली. "चूक माझीच आहे. न विचारता लिहिलं मी."

आईनं इस्त्री उभी केली. तिला बहुतेक मोठ्या भांडणाची तयारी होती, ती तशीच राहिली. "तीन गिऱ्हाइकांनी येऊन सांगितलं मला, तुमची पोर बिचारी रडली म्हणे. बिचारी! माझ्या पोरीला कुणी बिचारी म्हटलेलं मला खपत नाही."

"मी रडले नव्हते," शर्टांच्या मागून आवाज आला. भिंगरी हातात हँगरांचा जुडगा घेऊन बाहेर आली. "तुम्ही खोटं ल-लिहिलंत. मला राग आला होता."

"पुस्तकाचा?"

"पुस्तकाचा. आणि त-तुमचा." तिनं हँगर टेबलावर ठेवले. "तुम्ही नक्कल केलीत. सगळे हसले. आता ते पण न-नक्कल करतात, तुमच्यासारखी मान करून."

वहिनीला ते लागलं. दवाखान्यात काढलेले सगळे आवाज, वर्गातलं ते खदाखदा हसणं, सगळं एकदम आठवलं. पुस्तकावर एवढं तोंडसुख घेतलं, आणि स्वतः काय केलं ते त्यात एका ओळीनंही नव्हतं.

"केली मी नक्कल," ती म्हणाली. "चुकलं माझं. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगते तसं."

"आणि तिथे पण ल-लिहा. फोनवर."

आईनं अटी घातल्या. रिबिनी नाहीत, रांग नाही, शाळा ओळखू येईल असं काही नाही, आणि टाकायच्या आधी लेकीला वाचून दाखवायचं. वहिनीनं सगळं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं ठरल्याप्रमाणे सांगितलं, की मी नक्कल केली ते वाईट केलं आणि आता ती कुणी करायची नाही. मोठं माणूस चुकलं म्हणतं हे पोरांना नवीन होतं. नक्कल त्या दिवशीच थांबली असं नाही, पण कमी झाली, आणि पुढच्या वेळी वहिनीनं लगेच टोकलं.

दोन संध्याकाळी लाँड्रीच्या काउंटरवर पोस्टचं वाचन झालं. भिंगरी पाय हलवत स्टुलावर बसायची आणि मध्येच हात वर करायची.

"निरागस म्हणजे?"

"म्हणजे साधी, भोळी."

"मी भोळी नाहीये. क-काढा."

वहिनीनं काढलं. पाणावलेले डोळे आधीच गेले होते. त्यांच्या जागी तिचा राग आला. 'मी स्वतः नक्कल करून वाचलं आणि वर्गाला हसवलं' हे वाक्य सगळ्यात वर गेलं. पोस्ट अर्धी झाली आणि दुप्पट कडक झाली. आईनं शर्टाची कॉलर दाबता दाबता ऐकलं आणि म्हणाली, "हं. आता टाका."

पोस्ट पुन्हा आलेली बघून मोठ्या बाई वहिनीशी बोलेनाशा झाल्या. व्हरांड्यात समोरासमोर आल्या तरी भिंतीवरच्या तक्त्यांकडे बघत पुढे जायच्या. वहिनी मात्र न चुकता "नमस्कार बाई" म्हणायची.

लेखक आले त्या दिवशी सभागृहात चौथीला पुढे बसवलं होतं. उंच, शांत गृहस्थ. बोलले छान. त्यांनी पोस्ट वाचली होती हे मात्र कळत होतं, कारण "हल्ली टीका करणं फार सोपं झालंय" असं ते दोनदा म्हणाले. वहिनी मागे भिंतीला टेकून उभी होती.

प्रश्न विचारा म्हटल्यावर भिंगरीचा हात वर गेला. मोठ्या बाई दुसऱ्या हाताकडे बोट दाखवणार, तेवढ्यात लेखक म्हणाले, "हं, तू विचार बाळ."

भिंगरी उभी राहिली. पहिला शब्द बराच वेळ बाहेर येईना. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"त-त-ती अडखळतच पहिली आली असती तर च-चाललं नसतं का?"

लेखक हसले. "अगं, पण मग ती चांगलं बोलली हे वाचणाऱ्याला पटणार कसं?"

"ऐ-ऐकलं की पटेल," भिंगरी म्हणाली.

लेखकांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. "तसं लिहायला अवघड आहे," ते अखेर म्हणाले. त्यात राग नव्हता. भिंगरी खाली बसली आणि मोठ्या बाईंनी घाईघाईनं आभार मानायला माईक घेतला.

शाळा सुटल्यावर फाटकाशी वहिनीनं तिला गाठलं. "हे लिहू का गं मी?"

"लिहा."

"तुझा प्रश्न कसा लिहू? अडखळण्यासकट की सरळ?"

भिंगरीनं जरा विचार केला. "सकट," ती म्हणाली, आणि आईच्या दुकानाच्या दिशेनं सुसाट सुटली.

मोठ्या बाईंनी अहवालात लिहिलं, 'पाठ उत्तम. सूचना पाळत नाहीत.' वहिनी पास झाली, पण त्या एका ओळीपायी दोन शाळांनी तिला नकार दिला. तिसऱ्या शाळेतल्या मुलाखतीत कुठली सूचना पाळली नाही असं विचारलं, तेव्हा तिनं सगळं सांगितलं, स्वतःच्या नकलेसकट. तिथे तिला घेतलं, चौथीवरच.

रुजू व्हायच्या आदल्या रविवारी तिनं वर्गात वाचायचं पुस्तक घरी मोठ्यानं वाचायला घेतलं, पहिल्या शब्दापासून. चौथ्या पानावर एका जाड्या पोराची फजिती होती, तिथे थांबली, तेच पान पुन्हा वाचलं, आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग ढिगातलं दुसरं उघडलं.