शेंडे हलले तेव्हा

मी मक्याचं ताट बोलतोय. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या एका उतारावर, कडेच्या तासात, ओकच्या जुन्या झाडाशेजारी मी उभा आहे. बोलतोय म्हणजे खरं तर कुजबुजतोय. पानं वाळली की आमचा आवाज असाच खरखरतो. शिवाय मी भित्रा आहे, आणि भित्र्याने हळूच बोलावं.

भीती माझ्याबरोबरच उगवली. थंडी सरून जमिनीला वाफसा आला, तसं ऑर्विन स्लेटनने ट्रॅक्टरला पेरणीयंत्र जोडलं आणि आम्हाला मातीत सोडलं. मातीत होतो तोवर बरं होतं. वर दोन पानं काढली आणि करकोचे आले. लांब पायांचे, राखाडी. घाई नाही, गडबड नाही. तास धरून चालत यायचे, चोचीत रोप पकडून उपटायचे, मुळाशी चिकटलेला दाणा तेवढा खायचे आणि रोप तिथंच टाकून पुढे जायचे. माझ्या डावीकडचं गेलं. उजवीकडचं गेलं. मग एक करकोचा माझ्यासमोर मान वाकडी करून उभा राहिला. तेवढ्यात बांधावर ऑर्विनच्या मुलीने, कारीने, गाडीचं दार आपटलं आणि तो उडाला.

आपल्याला पळता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते एकदा कळलं की मग प्रत्येक आवाज आपल्यासाठीच येतोय असं वाटतं.

गुडघ्याइतके झालो तेव्हा ऑर्विनने आमच्याभोवती झटक्याची तार ओढली. रानाच्या कडेला रोज संध्याकाळी हरणं यायची, त्यांच्यासाठी. त्याची बायको आर्डिस कॉफी घेऊन आली होती. ती तारेकडे बघत म्हणाली, "हरणांनाच घालायचा आहे ना हा मका? मग तार कशाला?"

"आत्ता शेंडे खाल्ले तर कणीस कुठून येणार?" ऑर्विन म्हणाला. "बर्फ पडला की बाकी सगळं गाडलं जातं, मका तेवढा उभा राहतो. तेव्हा येऊ दे त्यांना. तोवर झटका."

"म्हणजे जेवायला बोलवायचं आणि गोळी घालायची."

"सगळ्यांना कुठे? एखाद-दुसरं. बाकीची हिवाळा काढतात या मक्यावर."

"त्या मांसाची सॉसेज मीच भरते रे. मला नको शिकवूस," असं म्हणून आर्डिसने रिकामा कप त्याच्या हातातून घेतला.

मी मात्र त्या दिवसापासून दुप्पट घाबरलो. आपल्याला कशासाठी वाढवतायत ते ठाऊक नव्हतं, तेच बरं होतं.

उन्हाळ्यात मी निसवलो. डोक्यावर तुरा आला, कमरेशी एक कणीस धरलं. एकच. पावसाने ओढ दिली होती, दोन धरायची ताकद माझ्यात नव्हती. त्या एकाला मी पानांत गुंडाळून जपलं. दाणे दुधात आले तसे रॅकून येऊ लागले, मांजराहून मोठे, डोळ्यांवर काळा पट्टा असलेले. ते तारेखालून सरपटत आत शिरायचे, ताटावर चढून ताट आडवं करायचे, कणीस सोलून दोन घास घ्यायचे आणि पुढच्यावर जायचे. पलीकडची आख्खी ओळ त्यांनी झोपवली. मी ओकला लागून होतो, त्याच्या मुळांनी माझ्या वाटचं पाणी पिऊन मला बारीक ठेवलं होतं, म्हणून त्यांच्या नजरेत भरलो नाही.

पुढे पानं पिवळी पडली, दाणे टणक झाले, आणि शेजारच्या रानात हार्वेस्टर घरघरायला लागला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. ड्वेन नोव्हीचा मका सकाळी आमच्यासारखाच उभा होता. संध्याकाळी तिथं नुसते बुडखे होते आणि त्यापलीकडचा रस्ता दिसत होता. ड्वेन यंत्र थांबवून बांधावर आला.

"ऑर्विन, यंत्र इकडे आलंच आहे. तुझाही काढून देतो. उभा मका बघितला की माझे हात शिवशिवतात."

"तुझे हात खिशात घाल," ऑर्विन म्हणाला. "हा उभाच राहणार."

वाचलो, असं वाटलं. पण आजूबाजूची सगळी रानं उघडी पडल्यावर आमच्याकडे पाहणारे डोळे वाढले. हरणं आता दुसरीकडे कुठे जाणार? आणि हरणांच्या मागे माणसं.

शिकारीचे दिवस सुरू होणार त्याच्या आदल्या दुपारी ऑर्विन आणि कारी तार गुंडाळायला आले. कारी शहरात राहते, पण या दिवसांत घरी येतेच. चाळिशीची, बापासारखीच कमी बोलणारी. ओकच्या खोडाला एक लोखंडी शिडी आणि वर बसायला फळी, असं ऑर्विनचं मचाण होतं. कारीने शिडीवर हात ठेवला.

"बाबा, यंदा यावर चढायचं नाही. डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय? खुबा नवीन आहे तुमचा."

"नवीन आहे म्हणजे चांगलाच असणार."

"चेष्टा नको. शब्द द्या."

ऑर्विनने तारेचं भेंडोळं खांद्यावर घेतलं. "दिला. मी घरी बसून तुझ्या आईला लेफ्साच्या पोळ्या लाटू लागतो. झालं समाधान? तू खोपीत बस."

खोपी म्हणजे समोरच्या चढावर चार खांबांवर उभी केलेली फळ्यांची खोली. तिच्या लांबट खिडकीतून आख्खा मका खाली दिसतो. मीही उंच असल्याने मला ती खिडकी दिसते.

"तो मोठा नर मक्यातच दडून असतो," ऑर्विन सांगत होता. "शेंडे बघत राहा. वारा नसताना शेंडे हलले की खाली तो आहे असं समज. पण शेंड्यांवर गोळी नाही. आख्खं जनावर दिसल्याशिवाय बोट चापाच्या कडीच्या आत घालायचं नाही."

"बाबा, हे मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

"मग आणखी एकदा ऐकलंस तर कान झिजत नाहीत."

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून लांब लांब बंदुका वाजत होत्या. प्रत्येक बाराला माझी मुळं आकसायची. कारी खोपीत होती, मधे तेवढी घरी जेवून आली. खिडकीत तिच्या नारिंगी कोटाचा तुकडा दिसायचा. या दिवसांत रानात फिरणारा प्रत्येक माणूस नारिंगी घालतो. आपण माणूस आहोत हे दुरून कळावं म्हणून.

दुपार कलली. वारा पडला. आणि माझ्या मागच्या झाडीतून ऑर्विन आला.

त्याच्या अंगात गोठ्यातला जुना तपकिरी कोट होता. वाळल्या मक्याच्या रंगाचा, हरणाच्या रंगाचा. हातात बंदूकही नव्हती. तो स्वतःशी पुटपुटत होता. "नारिंगी कोट खुंटीवर दिसला म्हणजे मी शेडमध्येच आहे असं समजतील दोघी. नुसतं बघायचंय. पोरीने तो नर टिपलेला एकदा बघायचाय."

त्याने खिसे चाचपले आणि थांबला. "फोन राहिला त्या कोटात," म्हणाला. मग खांदे उडवून शिडीवर पाय ठेवला.

शिडीच्या पायऱ्यांवर दहिवर गोठलं होतं. मला दिसत होतं. मी सळसळलोसुद्धा, पण मक्याच्या सळसळीकडे कोण लक्ष देतं? वरच्या पायरीवरून त्याचा पाय सटकला. तो फांदीवर आपटला आणि माझ्या बुडाशी येऊन पडला.

बराच वेळ त्याला श्वासच घेता येईना. मग तो ओरडायला गेला आणि तोंडातून नुसती हवा आली. बरगड्या गेल्या होत्या. एक पाय विचित्र वळला होता. वरून बारीक हिमकण पडायला लागले होते.

तो कोपरांवर सरकायला लागला. मक्यातून, तासाच्या मधून, खोपीच्या दिशेने. मला वाटलं, पोचेल. पण त्याच्या अंगाचा धक्का लागून ताटं हलत होती आणि वर शेंडे हलत होते. वारा नव्हता.

खोपीच्या खिडकीतून बंदुकीची नळी बाहेर आली.

मी जन्मभर घाबरलो होतो, पण ते स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी घाबरणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. ती नळी मला दिसत होती आणि त्याला दिसत नव्हती. मग त्याने मान वर केली, आपल्या डोक्यावर डुलणारे शेंडे पाहिले, आणि तो जागच्या जागी थिजला.

"शेंडे," तो म्हणाला. एवढंच. सगळं त्याच्या ध्यानात आलं होतं.

तो निपचित पडून राहिला. मीही स्तब्ध राहिलो. पण बर्फ त्याच्या पाठीवर साचत होता. त्याचे ओठ निळे पडत चालले होते आणि उजेड सरत होता. हललं तर गोळी, नाही हललं तर थंडी. अंधार पडला की कारी खोपीतून उतरून पलीकडच्या वाटेने घरी जाणार होती. उभ्या मक्यात पडलेला माणूस दहा पावलांवरूनही दिसत नाही. हरणं आमच्यात दडतात ती त्यासाठीच.

तो उलट सरकत पुन्हा माझ्यापाशी आला, कारण मी कडेचा होतो, माझ्या एका अंगाला मोकळी पट्टी होती. माझं खोड धरून तो कसाबसा उठून बसला आणि त्याने मला हलवलं. थांबला. पुन्हा हलवलं. त्याला वाटलं असेल, जनावर असं ठेक्यात हलवत नाही. पण नर शिंगं घासतो तेव्हा ताट अगदी तसंच हलतं. नळी माझ्याकडे वळली. तिचं काळं तोंड थेट माझ्या कमरेवर, म्हणजे त्याच्या छातीवर आलं.

त्याने मला सोडलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं की कशाचं ते मला सांगता येणार नाही. मग त्याचा हात माझ्या कणसावर आला.

मी ते सुखासुखी दिलं असं सांगितलं तर खोटं होईल. मी देठ घट्ट धरला. सगळा हंगाम मी त्या एका गोष्टीसाठी उभा होतो. त्याने पिरगाळलं, देठ कडकन तुटला, आणि त्याने ते कणीस अंगातला सगळा जोर लावून मोकळ्या पट्टीवर फेकलं.

फार लांब गेलं नाही. पानं सुटून बर्फावर पिवळंधमक पडलं.

नळी हलली नाही. मीही हललो नाही. मग शेजारच्या ताटाचं कणीस तुटलं, आणि तेही पट्टीवर जाऊन पडलं.

नळी हळूहळू वर गेली. आकाशाकडे.

"कोण आहे तिथे?" कारीचा आवाज आला.

ऑर्विनने तोंड उघडलं. आवाज निघाला तो मांजराएवढा. "कारी."

खोपीच्या दाराशी काडतुसं एकामागून एक फळीवर टाकल्याचा आवाज आला. तिने आधी बंदूक रिकामी केली. मग ती धावत आली. कडेच्या तासात त्याला बघून ती गुडघ्यांवर बसली, आपला नारिंगी कोट काढून त्याच्यावर टाकला, फोन लावला, जागा सांगितली. हे सगळं शांतपणे केलं. त्यानंतर तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"बोट आत होतं माझं," ती म्हणाली. "बाबा, बोट आत होतं."

"दाबलं नाहीस."

"तुमचा कोट खुंटीवर बघून निघाले होते मी."

ऑर्विनने डोळे मिटले. "मुद्दाम ठेवला होता," तो म्हणाला. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या भुवयांवरचा बर्फ पुसत राहिली.

दवाखान्याची गाडी उतारावर चढेना. ड्वेन ट्रॅक्टर घेऊन आला आणि सरळ मक्यातून वाट पाडली. माझे किती सोबती चाकांखाली गेले ते मी बघितलं नाही. मलाही चाकाची कड लागली आणि मी कमरेत मोडलो. ऑर्विनला फळीवर उचलताना ड्वेन म्हणाला, "कधीचा म्हणतोय, काढून देतो. नाही म्हणालास. घे, आज फुकट काढला."

ऑर्विन हसायला गेला आणि बरगड्यांनी त्याला हसू दिलं नाही. आर्डिस गाडीपाशी उभी होती. तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "आधी बरा हो. मग बोलते तुझ्याशी."

बर्फ चांगला जमल्यावर बाप-लेक एकदा येऊन गेले. ऑर्विन गाडीतच बसला होता, काच खाली करून. ओककडे बघून त्याने विचारलं, "शिडी कुठे गेली?"

"कापून भंगारात दिली," कारी म्हणाली.

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही विचारलं होतं?"

तो मोडलेल्या मक्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी इथे सोयाबीन घेऊ. त्यावरून पलीकडचं दिसतं."

"सोयाबीन बर्फात गाडलं जातं. मकाच घ्या. मधून दोन रुंद पट्ट्या मोकळ्या ठेवू." आणि मग, काच वर जाता जाता, "पण मी बंदूक धरणार नाही, बाबा. एवढ्यात तरी."

"बरं," ऑर्विन म्हणाला.

आता मी कमरेत वाकून उभा आहे. हरणं येतात, खाली पडलेली कणसं पायाने उकरून खातात. माझं कणीस एका हरणीने खाल्लं. मी बघत होतो. तिच्याबरोबर यंदाचं पाडस होतं आणि दोघांच्या फासळ्या मोजता येत होत्या. त्यांना मी घाबरलो नाही, हे माझं मलाच नवल वाटलं. लवकरच बर्फ वितळेल, जमीन मोकळी होईल आणि नांगराचे तवे येतील. त्यांची भीती आहेच. ती मी तुमच्यापासून लपवत नाही.

जाण्याआधी तुमच्याशी एवढंच बोलायचं होतं. मला पाय नाहीत. मी कुठे आहे हे करकोच्याला ठाऊक, रॅकूनला ठाऊक, यंत्राला ठाऊक. जन्मभर मी याचीच धास्ती घेतली. तुमचं उलटं आहे. तुम्हाला पाय आहेत, म्हणून तुम्ही कुठे आहात ते तुमच्या माणसांना तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. घरातून निघताना सांगून निघत जा. आणि खरं सांगत जा.