फक्त आईची सही

शाळेचे अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता. नातीला घेऊन आजी कार्यालयाच्या खिडकीपुढे उभी राहिली. अर्जावर एकट्या आईची सही होती. वडिलांची जागा कोरी होती. म्हणून आजीने पिशवीत एक जुना सरकारी आदेश आणला होता. आईची सही पुरेशी धरावी, असे त्यात लिहिले होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यासाठी ती अकरा बायकांबरोबर एकोणीस दिवस कचेरीच्या पायऱ्यांवर बसली होती.

"आजी, भांडू नकोस हं," नात कुजबुजली.

"मी कुठे भांडतेय? तोंड तरी उघडलंय का?"

खिडकीतल्या तरुण कारकून बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला. आजीने आदेश बाहेर काढला.

"सही आईचीच आहे, आणि ती चालते!"

"चालतेच की, आजी. पण मुलीचे फोटो कुठे आहेत? बाराला खिडकी बंद होते."

आजीचे तोंड एवढेसे झाले. दोघी पलीकडच्या स्टुडिओत धावल्या. येताना नात फोटो कुणाला धरू देईना, आणि तिचे हात चिकट होते. आजीने फोटो आदेशाच्या कागदात गुंडाळून तिच्याकडे दिले.

बाराला पाच मिनिटे असताना अर्ज जमा झाला.

"हा कागदही जोडायचाय का?" बाईंनी विचारले.

"नको," आजी म्हणाली. "आता तो फोटो गुंडाळायलाच बरा."