कपाटातली वायर

अर्जुनरावांनी नेकनूरचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा छबुबाईंना वाटलं होतं, फरशी बदलेल, नवा ओटा येईल आणि विषय संपेल. पण बीडला चुलतभावाच्या बंगल्यात चोरांसाठी बसवलेला अलार्म पाहून आल्यापासून अर्जुनरावांना दुसरं काही सुचेना. लग्नसराईत घराला कुलूप लावून गावोगाव जावं लागतं, भिंती फोडलेल्याच आहेत, तर वायर आतनंच टाकून वर प्लास्टर मारू, मग चोराला तोडायला काही सापडणार नाही, असं ते येईल त्याला पटवून देऊ लागले.

बीडहून शहादेव नावाचा वायरमन आला. दाराच्या चौकटीत एक चुंबक आणि दारावर दुसरा तुकडा. दार उघडलं की दोघांची फारकत, आणि फारकत झाली की भोंगा. छबुबाईंनी त्याचं काम बारकाईनं पाहिलं आणि त्यांना स्वतःचा चोर आठवला.

डॉक्टरांनी अर्जुनरावांचं गोड बंद केलं होतं. तरी पाहुण्यांसाठी केलेले बेसनाचे लाडू कोठीच्या खोलीतल्या कपाटातून कमी होत. विचारलं की अर्जुनराव उंदराचं नाव घेत. खाऊन झाल्यावर डब्याचं झाकण घट्ट लावून जाणारा उंदीर छबुबाईंनी अजून पाहिला नव्हता.

मालक वाळू बघायला गेले तसा छबुबाईंनी शहादेवला चहा दिला आणि कोठीच्या कपाटालाही एक चुंबक लावायला सांगितलं. तो घुटमळला. म्हणाला, दादांना विचारावं लागेल.

“त्यांला इचारून चोर धरायचा व्हय?” छबुबाई म्हणाल्या.

शहादेव समजला. त्यानं कपाटाची वायर वेगळी ओढली आणि तिचं बटण देव्हाऱ्याच्या मागं बसवलं. बाकी घराचा अलार्म बंद असला तरी हे कपाट जागं राहणार होतं. दुसऱ्या दिवशी वरून प्लास्टर झालं.

घर रंगवून झाल्यावर धारूरचे व्याही बंकटराव जेवायला आले. बंकटराव म्हणजे सूनबाई तेजश्रीचे वडील. मोठा करारी माणूस. साखरेचा आजार त्यांनाही होता, पण तो जिंकल्यासारखा ते मिरवत. पानातला शिरा बाजूला सारून त्यांनी सगळ्या पंगतीला मनावर ताबा कसा ठेवावा ते सांगितलं. अर्जुनराव मान डोलवत राहिले.

जेवणं झाल्यावर शेजारपाजारचे लोक बैठकीत जमले आणि अर्जुनराव त्यांना अलार्मची पेटी दाखवू लागले. छबुबाईंनी सकाळीच कपाटात लाडू भरून देव्हाऱ्यामागचं बटण पहिल्यांदा चालू केलं होतं; आता त्या दारात बसून मालकांवर नजर ठेवून होत्या. ते मधेच व्याह्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. बंकटराव हात धुवायला म्हणून आत गेले. मालक मात्र जागचे हलले नाहीत. छबुबाईंचा हिरमोड झाला.

तेवढ्यात भोंगा असा केकाटला की अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या.

सगळे आत धावले. शेजारचा शिवशंकर तर फावड्याचा दांडा घेऊनच आला. एकटे अर्जुनराव तेवढे पांढरेफटक होऊन खाली बसले, आणि ते बघूनच छबुबाईंना उलगडलं की व्याह्यांना आत कुणी धाडलं होतं, आणि किती जणांसाठी.

कोठीच्या खोलीत बंकटराव उघड्या कपाटासमोर उभे होते. दोन्ही हातांत एकेक लाडू, गालात तिसरा. बोलायची सोय नव्हती. दारात तेजश्री वडिलांकडं बघत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

छबुबाईंना पोटातून हसू फुटत होतं. पण सुनेचा चेहरा पाहिला आणि त्यांनी ते ओठांशीच आवळून धरलं.

“म्याच सांगितलं व्याहीबुवांला कपाट उघडाया,” त्या भोंग्यावर आवाज चढवून म्हणाल्या. “वाजतंय का न्हाई ते बघायचं व्हतं.”

“मंग लाडू कावून घेतले?” शिवशंकरनं विचारलं.

“चोर काय मोकळ्या हातानं जातो?”

हे लोकांना पटलं. बंकटरावांनी गाल तसाच ठेवून मान हलवली. पण भोंगा काही थांबेना. अर्जुनरावांनी पेटीवरची सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी छबुबाईंनी शांतपणे देव्हाऱ्याच्या मागं हात घातला आणि घर गप झालं. अर्जुनराव त्या हाताकडं बघतच राहिले.

लोक भोंग्याची तारीफ करत पांगले. छबुबाईंनी दोघांना बिनसाखरेचा चहा दिला.

“उंदीर आपला हायच,” त्या मालकांना म्हणाल्या, “पर त्याचा जोडीदार लई लांबून येतो.”

बंकटरावांनी चहा एका दमात संपवला आणि ऊन उतरायच्या आत जीप काढली. तेजश्री मात्र पदराआड हसत होती. आईला आधीच फोन करून मोकळी झाली होती.

जीप धारूरला पोचायच्या आतच विहीणबाईंचा फोन आला. त्यांनी ख्यालीखुशाली विचारली नाही, की नवऱ्याच्या वतीनं सारवासारवही केली नाही.

“त्यो वायरमन धारूरला येईल का?” त्यांनी विचारलं. “आमच्या भिंती फोडलेल्या न्हाईत, पर फोडता येतील.”

छबुबाईंनी फोन हातानं झाकला आणि शहादेवचा नंबर मागितला. अर्जुनरावांनी चष्मा शोधायला जमेल तितका उशीर लावला. मग एकेक आकडा सांगू लागले, आणि छबुबाई तो तिकडं मोठ्यानं ऐकवत गेल्या.