आकाशरथ झालेला लाकडी बैल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बैल आहे. मला चार चाके आहेत, गळ्यात घुंगरू आहे, पाठीवर रंगवलेली झूल आहे. शिंग मात्र एकच आहे. वशिंडात बोट जाईल एवढे भोक होते, ते आता चिखलाने बुजवलेले आहे. येणारी-जाणारी माणसे मला पाहून हसतात. हसू द्या. मी काय होतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

साकोली तालुक्यातल्या एकोडी गावात देवाजी सुताराने मला घडवले. नांगराच्या कामातून उरलेला बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचा तुकडा त्याने नातवासाठी, श्रावणसाठी, बाजूला ठेवला होता. माझे अंग त्या तुकड्याचे केले. शिंगे मात्र त्याने वेगळ्या, शिवण झाडाच्या लाकडातून कोरली, घासून घासून गुळगुळीत केली आणि टोकांना पितळी टोप्या बसवल्या. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. खरे बैल गोठ्यात आराम करतात आणि पोरे आम्हा लाकडी बैलांना दोरीने ओढत मारुतीच्या देवळापुढे नेतात. तिथे आम्हाला कुंकू लागते, घराघरांतून पोरांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो. पहिल्याच वर्षी कोणीतरी म्हणाले, "पाय बा, देवाजीचा बैल आता हंबरतेच." हे ऐकून मी फुगलो नाही असे सांगितले, तर ते खोटे ठरेल.

पुढच्या वर्षी, म्हणजे एकोणऐंशी साली, ती स्कायलॅबची भानगड आली. आकाशातले एक मोठे यंत्र खाली पडणार, कुठे पडेल ते ठाऊक नाही, असे रेडिओ सांगू लागला. एकोडीत हाहाकार उडाला. मरायचेच आहे तर उपाशी कशाला मरा, म्हणून काही घरांतल्या कोंबड्या कापल्या गेल्या. शेवटी ते यंत्र दूर कुठेतरी समुद्रापलीकडे जाऊन पडले. मोठी माणसे कोंबड्यांसाठी हळहळली आणि धानाच्या रोवणीला लागली. पोरे मात्र आकाशाकडेच पाहत राहिली.

त्या हिवाळ्यात धान कापून झाल्यावर खेळ सुरू झाला. आमच्याकडे धानाचे शेत म्हणजे बांध्यांची रांग. प्रत्येक बांधी चौकोनी, भोवती मातीचा धुरा, म्हणजे बांध. कापणीनंतर त्या कोरड्या पडतात. श्रावणने जाहीर केले की प्रत्येक बांधी म्हणजे एक ग्रह, धुरा म्हणजे मधले रिकामे आकाश, आणि आम्ही लाकडी बैल म्हणजे आकाशरथ. एका डावात एकच धुरा ओलांडायचा. एका फौजेचा सेनापती श्रावण, दुसरीची शेजारची रुखमिणी. ती त्याच्याच वर्गात होती आणि भांडणात त्याला कधी हार जात नव्हती.

बैलाचे काम शेत नांगरणे, हे मला लाकूड असूनही ठाऊक होते. पण आकाशरथ होण्यात मजा होती, हे कबूल करायला हवे. श्रावणने माझ्या पाठीवर जुन्या टॉर्चचे तोंड बांधले, त्याला लाल जिलेटीनचा कागद लावला आणि ती किरणबंदूक आहे असे सांगितले. किरण लागला की समोरचा रथ जळून खाक.

अडचण एकच होती. कोणीच मरायला तयार नव्हते.

"लागली तुले!"

"नाई लागली! माहा रथ वाकडा गेला होता!"

अर्धा दिवस खेळ, अर्धा दिवस भांडण. शेवटी रुखमिणीच वैतागून शेजारच्या धुऱ्याकडे गेली. तिथे धनीराम बसला होता.

धनीराम हा चंद्रभागाबाईंचा एकुलता एक मुलगा. एकाहत्तरच्या लढाईत तो शिपाई होता. हातपाय शाबूत घेऊन परत आला, पण बोलेनासा झाला. विचारले तर होय-नाही, त्यापुढे नाही. चंद्रभागाबाईंनी वैदू केले, नवस केले. त्या सगळ्यांना सांगत, "माहा पोरगा आला, पन त्याचं बोलनं तिकडंच राह्यलं." दिवसभर तो धुऱ्यावर खुरपे घेऊन बसायचा.

रुखमिणी त्याच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, तुमी तं खऱ्या लढाईत होते ना? मंग सांगा, हा मेला का नाई?"

धनीरामने बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "थे बंदूक कायच्यानं चालते, थे सांगा आधी."

श्रावणने सांगितले. उजेडाने जाळते.

"उन्हात तुहा उजेड दिसन का? सूर्यापेक्षा मोठा सेल हाये का तुह्यापाशी?"

एवढे लांब बोलणे त्याच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. त्या दिवसापासून धनीरामकाका पंच झाले आणि नियम ठरला: ज्याचे शस्त्र काकांना पटेल, त्याचेच चालेल.

मग काय गंमत आली! रुखमिणीने सुपाला सिगारेटच्या पाकिटांतला चांदीचा कागद चिकटवून ढाल केली. किरण आरशावरून परततो तसा परतेल, असे तिचे म्हणणे. काकांनी ती मान्य केली. मग तिने झोप आणणारा धूर काढला. काकांनी खाली वाकून मूठभर भुसा उचलला आणि वाऱ्यावर सोडला. भुसा रुखमिणीच्याच बैलांवर जाऊन पडला.

"तुहीच फौज झोपली," काका म्हणाले आणि हसले. मोठ्याने, मान मागे टाकून हसले.

चंद्रभागाबाई तेव्हा डोक्यावर शिदोरी घेऊन धुऱ्यावरून येत होत्या. त्या जागीच थबकल्या. हळूच डोक्यावरचे टोपले उतरवून खाली ठेवले, पदर डोळ्यांना लावला आणि मुलासाठी आणलेली भाकर तिथेच सगळ्या पोरांना वाटून टाकली. "रोज खेडा बाप्पा," त्या खेळाकडे हात करीत रुखमिणीला म्हणाल्या, "रोज खेडा. माह्या पोराले असंच बोलतं ठेवा."

मित्रांनो, तो खेळ आमच्यासाठी खेळ होता. त्या माऊलीसाठी ते औषध होते.

दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत काका घरीही बोलू लागले होते. बाजारात भाव करीत होते म्हणे. खेळही बदलला. श्रावणला आता पटेल असे शस्त्र पुरेनासे झाले. त्याला अगदी खरे हवे होते. काकांनी एकदा सांगितले होते, "जे पुढं फेकते, थे मांगं ढकलते. तुहा रथ बोटभरही सरकत नाई, मंग बंदूक खरी कशी?" श्रावणने टॉर्च मोडली. सायकलच्या पंपाची नळी आणि एक स्प्रिंग घेऊन तोफ केली. ती चिंचोका फेकायची. ती बसवायला माझ्या वशिंडात भोक पाडले. नळी फिरताना शिंगांना अडकायची, म्हणून एके दुपारी आज्याची करवत आणली आणि माझी दोन्ही शिंगे कापली.

मी ओरडू शकत असतो, तर साकोलीपर्यंत ऐकू गेले असते. शिंगे बांधीत फेकली गेली, पितळी टोप्यांसकट. देवाजीने मला पाहिले तेव्हा त्याने कापलेल्या जागेवरून बोट फिरवले. "बिनशिंगाचा बैल पोळ्यात कोन घेईन रे?" एवढेच म्हणाला. नातवावर हात उगारणे त्याला जमले नाही.

पण तोफ उडाली आणि मी खरोखर मागे सरकलो. काकांनी येऊन मला उचलले, नळी पाहिली, मान हलवली. "हे बरोबर."

श्रावणचे डोळे चमकले. "मंग आता काई कमी हाये का काका?"

काका माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांचे लक्ष तलावाच्या पाळीकडे गेले होते. "आवाज," ते म्हणाले.

एवढ्यात पलीकडून रुखमिणीने हाक मारली, तिची फौज निघाली होती, आणि श्रावण तिकडे धावला. काका माझ्याकडेच पाहत हळू आवाजात पुढे म्हणाले, "आवाज राहू दे बा. थो नको."

हे त्यांचे वाक्य फक्त मी पूर्ण ऐकले.

श्रावणने दिवाळीतला एक सुतळी बॉम्ब लपवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या वशिंडामागे, नळीला टेकवून, बांधला. काकांना आनंदाचा धक्का द्यायचा होता त्याला. बाकी मनात काही नव्हते. मला बांधीत ओढत नेले तेव्हा मी देवाला विनवीत होतो की आज धनीराम येऊ नये. चाक खड्ड्यात अडकावे, दोरी तुटावी, पाऊस पडावा. दोरी देवाजीने वळलेली होती, ती कशाची तुटते!

काका आले. कधी नव्हे ते खिशातून मुरमुरे काढून त्यांनी पोरांना दिले आणि धुऱ्यावर बसले. रुखमिणी आपला बैल ओढत माझ्या समोरच्या बांधीत आली. श्रावणने वात पेटवली आणि पळाला.

आवाज झाला. मी उलटा पडलो. तलावावरची सगळी पाखरे एकदम उठली.

मी जमिनीवरून पाहिले. काका धुऱ्यावर नव्हते. त्यांनी झेप घेऊन रुखमिणीला खाली पाडले होते, तिच्यावर पडून तिचे डोके दोन्ही हातांनी धसकटांत दाबून धरले होते आणि ओरडत होते, "खाली! खालीच राह्य! उठू नको इश्वर!" इश्वर कोण, एकोडीत कोणाला ठाऊक नव्हते.

पोरांना वाटले, काकाही खेळायला आले. त्यांनी टाळ्या पिटल्या. "काका मेले! काका मेले!" एक जण तर हसून हसून लोळला. मग रुखमिणीच्या हनुवटीतून रक्त आले, ती रडू लागली, तरी काका सोडेनात. श्रावण त्यांचा सदरा ओढत होता. "काका, खेड आहे! काका, सुतळी बॉम्ब आहे!" त्यांच्या कानांपर्यंत ते पोचतच नव्हते.

चंद्रभागाबाई पाळीवरून धावत आल्या. त्या धसकटांतच बसल्या आणि मुलाचे डोके मांडीवर ओढून घेतले. "धनी, मी आहो बा, तुही माय. एकोडी आहे हे. आपली बांधी आहे. पाय, आपली बांधी आहे."

खूप वेळाने काका उठले. रुखमिणीच्या फ्रॉकवरची माती झटकली, तिच्या केसांतल्या तणसाच्या काड्या एकेक करून काढल्या. कोणाच्या तोंडाकडे पाहिले नाही. मग घरी गेले, आणि पुन्हा कधी त्या धुऱ्यावर बसले नाहीत.

काही दिवसांनी चंद्रभागाबाई आमच्या दारात आल्या. मला वाटले, शिव्या देतील. त्या पायरीवर टेकल्या आणि श्रावणला म्हणाल्या, "थे पयलची बंदूक हाये का रे, लाल कागदाची? थे घेऊन चाल ना घरी. थ्या बंदुकीनं कोनी मरत नोतं. थो हसे तिले." ती बंदूक श्रावणनेच मोडली होती. मी कोपऱ्यात पडून होतो. माझ्या पाठीवर त्या बंदुकीच्या दोरीचे वळ अजून होते. पण माझ्या पाठीकडे कोण पाहणार?

खेळ बंद झाला. मी माळ्यावर गेलो. तान्हा पोळा आला की खालून घुंगरांचा आवाज यायचा आणि माझे घुंगरू धुळीत गप्प राहायचे. उंदरांनी माझ्या झुलीचा रंग कुरतडला. माळ्याच्या झरोक्यातून रस्ता दिसे. त्यावरून धनीराम जाताना दिसायचा, कधी आईच्या मागे, आणि पुढे चंद्रभागाबाई वारल्यावर एकटाच. तो कोणाशी बोलत नसे. श्रावण साकोलीला शिकायला गेला, रुखमिणी लग्न होऊन कारध्याला गेली.

मग एका तान्ह्या पोळ्याला, श्रावण सुट्टीवर घरी असताना, धनीराम आमच्या दारात आला. त्याच्या मुठीत माझे एक शिंग होते. बांधी नांगरताना मातीतून निघाले होते. पितळी टोपी हिरवी पडली होती. दुसरे सापडले नव्हते. देवाजीला आता दिसत नव्हते. त्याने शिंग चाचपले आणि श्रावणला मला खाली काढायला सांगितले.

धनीरामने मला मांडीवर घेतले. लाख तापवून शिंग बसवले. मग अंगणातला ओला चिखल घेऊन वशिंडातले भोक बुजवू लागला. श्रावण समोर उभा होता, मिसरूड फुटलेला. शेवटी तो बोलला. "काका, तुमीच म्हनलं होतं ना... आवाज कमी हाये म्हून?"

धनीरामने चिखलावरून अंगठा फिरवला. वर न पाहता तो म्हणाला, "राहू दे, असंही म्हनलो होतो बा."

एवढे बोलून त्याने मला ओट्यावर ठेवले, हात धुतले आणि निघून गेला. देवळाकडे ढोल वाजू लागले होते; तो उलट्या बाजूने, तलावाकडे गेला.

मित्रांनो, मी आता ओट्यावरच असतो. तुमच्या खेळात रथ असोत, तोफा असोत, वाटेल ते ग्रह असोत. लढा, जिंका, हरा. पण खेळातल्या शस्त्रात काहीतरी कमी राहू द्या, म्हणजे ते कोणाला लागणार नाही. आणि शेजारी बसलेले माणूस हळू आवाजात काही सांगत असेल, तर त्याचे वाक्य संपेपर्यंत थांबा. मी ते पूर्ण ऐकले होते. पण देवाजीने माझे सगळे अंग सुबक केले, तोंड मात्र बंदच कोरले.